बोलाफुलाला गाठ

यंदा आषाढात धाकट्या बहिणीला डॉक्टरांनी अँजिओग्राफी करून घ्यायला सांगितलं. ती सावंतवाडीजवळ आमच्या गावी असते, तपासणी कोल्हापूरला. पहिली तारीख ठरली आणि नेमकी त्याच पहाटे आंबोली घाटात दरड येऊन रस्ता बंद. दुसरी तारीख मिळाली, तर आदल्या संध्याकाळी दवाखान्यातून फोन, डॉक्टरांच्या आई वारल्या, पुढची तारीख कळवतो. झालं! बाईसाहेबांनी फाईल कपाटात ठेवून दिली. मला फोनवर म्हणते, "ताई गो, दोनदा अडला. देवाच्या मनात नाय तां."

(हे तिला सांगूनच लिहिते आहे. "लिही, पण माझी बाजूपण लिही," असं तिने बजावलंय.)

तर तिची बाजू. तीस वर्षांपूर्वी ती लेकाला घेऊन कणकवलीला निघाली होती. स्टँडवर पोरग्याच्या चपलेचा अंगठा तुटला, तो शिवून घेईपर्यंत एसटी गेली. त्या एसटीला पुढे अपघात झाला, दोन माणसं दगावली. तेव्हापासून अडलं की ती थांबते. "त्या दिवशी मला कोणी थांबवलं, सांग बघू!" असं ती विचारते, आणि अख्ख्या घरात कोणाकडे उत्तर नसतं.

मला मात्र त्या गोष्टीतली एक बाई नेहमी आठवते, जी कोणी पाहिलेली नाही. बहिणीची जागा रिकामी राहिली, तिथे कोणीतरी बसलंच असेल ना? धावतपळत आली असेल, खिडकीजवळ जागा मिळाली म्हणून हातही जोडले असतील. तिला तो कसला संकेत होता? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत भूकंप झाला तेव्हा लोक आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून झोपले होते. हजारो गेले. जो त्या रात्री पाहुणा म्हणून परगावी होता त्याला देवाने वाचवलं म्हणायचं, तर बाकीच्यांबद्दल काय बोलायचं? माझी तरी जीभ वळत नाही.

मी देव मानते. रोज पूजा करते. सुनेला ते जरा जास्तच वाटतं, असो. म्हणून हे नास्तिकाचं बोलणं समजू नका.

आपल्या भाषेत 'बोलाफुलाला गाठ' असा एक सुंदर शब्दप्रयोग आहे. मुलांना शिकवताना मी अर्थ सांगायचे, योगायोग. पण त्याच्या मागे कौल आहे. ज्यांना कोकण-गोव्याकडची देवळं ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या किंवा कळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे श्वास रोखून बघत राहतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बोलणं आणि फूल पडणं एकाच वेळी झालं, की गाठ पडली.

१९७८ साली आमच्या दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, पोटात अल्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, आठवड्याच्या आत ऑपरेशन करा. आईने आणि काकांनी कौल लावला. मी तिथे उभी होते, बी.ए. झालेली, नोकरी करणारी. डावी पडली. पाकळी सुकली की पडते, देवळाच्या दारातून वारा कुठून येतो हेही मला दिसत होतं. मी एक शब्द बोलले नाही. ऑपरेशन पुढे ढकललं. अकराव्या दिवशी रात्री अल्सर फुटला. जीप मिळवून कोल्हापूर गाठेपर्यंत उजाडलं, आणि दादा गेले.

वेळेवर ऑपरेशन झालं असतं तर ते वाचलेच असते असं मी म्हणत नाही. पण आई म्हणायची, देवाने आधीच सांगितलं होतं, ते जाणारच होते. त्या एका वाक्यावर तिने पुढची पंचवीस वर्षं काढली. तिच्याशी मी कधी वाद घातला नाही. आणखी एक कबूल करते. त्या वेळी आईला ऑपरेशनची भयंकर भीती वाटत होती. उजवी पडली असती तर तिने पुन्हा एकदा कौल लावला असता, असं मला आजही वाटतं.

शाळेत मी दरवर्षी एक गंमत करत असे. (माझा विषय मराठी, ही युक्ती आमच्या गणिताच्या सरांची.) ६० मुलांच्या वर्गाला विचारायचं, एकाच तारखेला वाढदिवस असलेली दोघं निघतील का? दिवस ३६५ आणि आम्ही ६०, कशी निघतील बाई! आणि दरवर्षी निघायची. १ जूनवाले मी आधीच बाजूला काढत असे, कारण नाव घालताना मास्तरांनीच ती तारीख लिहून टाकलेली असायची. नुसती २३ माणसं जमली तरी अशी जोडी निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, आणि ६० असतील तर शंभरात नव्याण्णव वेळा. ती दोन मुलं मात्र दिवसभर एकमेकांकडे बघून हसायची, मधल्या सुट्टीत डबा वाटून खायची. त्यांना वाटायचं, आपलं काहीतरी खास आहे.

तसंच आपलं. दिवसभरात शेकडो गोष्टी घडतात, जुळल्या तेवढ्याच लक्षात राहतात. बहिणीला मी विचारलं, अगं, आषाढात आंबोलीच्या घाटात दरड येणं हा योगायोग कसला? राज्यात सगळ्यात जास्त पाऊस पडतो अशा जागांपैकी ती एक. दरड आली नसती तर नवल!

मग तिने मला बरोब्बर पकडलं. म्हणाली, "आणि भावजींच्या दहाव्याला?"

त्यांच्या दहाव्याला घाटावर पिंड ठेवल्याबरोबर कावळा शिवला. दोन मिनिटंही लागली नाहीत. मी पदरात तोंड लपवून रडले, आणि मन एकदम हलकं झालं. घाटावरचे कावळे रोज पिंडांवरच जगतात, वाट बघतच बसलेले असतात, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. तरीही तो कावळा मी आजवर कोणाला खोडून काढू दिलेला नाही.

रात्रभर विचार केला. सकाळी तिला फोन करून म्हटलं, तो कावळा मला काही करू नको म्हणून सांगायला आला नव्हता. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, मी फक्त हात जोडले. तुझ्या एसटीबद्दलही हात जोड, माझी ना नाही. पण कपाटातली फाईल बाहेर काढ. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तू येशील माझ्याबरोबर?"

तिसरी तारीख पुढच्या गुरुवारची आहे. मी मंगळवारीच पुण्याहून निघते आहे. घाट बंद असला तर फोंडा घाटाने जायचं, गाडीवाल्याला सांगून ठेवलंय. आणि डब्यात दोन दिवस टिकतील अशा दशम्या घेतल्या आहेत.