चिखलदऱ्याला गेल्यावर जेवायचे कुठे?

पावसाळा लागला की अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांमधून चिखलदऱ्याच्या सहलीच्या गोष्टी सुरू होतात. कुठे महिला मंडळ वर्गणी गोळा करते, कुठे एमआयडीसीतले चार-पाच कामगार मिळून गाडी ठरवतात, कुठे नवे लग्न झालेले जोडपे एसटीने निघते. काय बघायचे याची यादी सर्वांना पाठ असते. भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल, गाविलगड. पण जेवायचे काय आणि कुठे, याचा विचार मात्र पोटात कावळे ओरडू लागल्यावरच सुरू होतो. मग गाडी जेथे थांबली त्या हॉटेलात शिरायचे आणि पनीरची भाजी, तंदुरी रोटी नाहीतर नूडल्स मागवायच्या. म्हणजे जे आपल्या शहरात कोणत्याही चौकात मिळते तेच साडेतीन हजार फुटांवर चढून जाऊन, जास्त पैसे देऊन खायचे! आमच्या कारकुनी बुद्धीला हा हिशेब काही पटत नाही.

म्हणून या वेळी आम्ही चिखलदऱ्याचे खाणे हाच विषय घेतला आहे. हॉटेलांची नावे आम्ही सांगणार नाही. हॉटेले बदलतात, आचारी बदलतात. काय मागायचे, कोणाकडे मागायचे आणि ते चांगले आहे हे कसे ओळखायचे, एवढे कळले की माणूस कोठेही उपाशी राहत नाही आणि फसतही नाही.

वाटेवरचे खाणे

अमरावतीहून जाणारे परतवाड्यावरून जातात. अकोल्याहून जाणारे अकोट, अंजनगाव सुर्जी करून परतवाड्यालाच येतात. तेथून पुढे घाट लागतो. लहान मुले आणि घाटाची वळणे यांचे जमत नाही, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे. तेव्हा परतवाड्यात पोटभर जेवू नये. चहा, पोहे, एखादी कचोरी एवढ्यावर थांबावे. पाण्याच्या बाटल्या येथेच भरून घ्याव्यात. एसटीने जाणाऱ्यांनी परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ येथेच विचारून ठेवावी, म्हणजे वर गेल्यावर ताटावरून अर्धवट उठून पळावे लागत नाही.

घरून शिदोरी नेणाऱ्यांना आम्ही नाही म्हणणार नाही. पाच-सहा जणांच्या कुटुंबाला दोन्ही वेळ बाहेर जेवणे परवडत नाही, हे आम्हाला कळते. ज्वारीच्या नाहीतर कळण्याच्या भाकरी, लसणाचा ठेचा, कोरडा झुणका आणि कांदा ही आपली वऱ्हाडी शिदोरी दिवसभर टिकते. फक्त एक करावे. एक वेळ शिदोरी आणि एक वेळ तेथले जेवण, अशी वाटणी करावी. खिशालाही झेपते आणि गेल्यासारखे काही खाल्लेही जाते.

मोथ्याचा खवा आणि रबडी

धामणगाव गढीच्या रस्त्याने वर चढताना चिखलदऱ्याच्या अलीकडे मोथा हे गाव लागते. या भागात गवळ्यांची वस्ती जुनी आहे. गाविलगड हे नावही गवळ्यांवरूनच पडले असे सांगतात. म्हशी पाळायच्या, दूध आटवायचे आणि खवा खाली परतवाडा-अमरावतीच्या बाजारात पाठवायचा, हा येथला पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. कारण साधे आहे. घाटातून दूध खाली नेईपर्यंत नासते, खवा टिकतो. चिखलदऱ्याची रबडी आणि खवा यांचे नाव झाले ते या अडचणीतून.

रबडी तेथेच बसून खावी. लाकडावर आटवलेल्या दुधाला किंचित धुराचा वास असतो, रंग थोडा तांबूस असतो. तो दोष समजू नये, तीच तिची खूण आहे. खवा घरी आणायचा असेल तर थोडा हातावर घेऊन चोळून बघावा. चांगला खवा तूप सोडतो, आंबूस वास येत नाही. आणि आमच्यासारख्या कॉमर्सवाल्याचा एक हिशेब लक्षात ठेवावा. म्हशीच्या साधारण पाच लिटर दुधाचा एक किलोच्या आसपास खवा होतो. तेव्हा पाच लिटर दुधाच्या किमतीपेक्षा कमी भावात कोणी एक किलो खवा देत असेल, तर तो दानशूर नाही. खव्यात दुसरे काही आहे. पावसाळ्यात खवा दोन दिवसांच्या आत संपवावा.

मोथा आणि आसपासच्या शेतांत आता स्ट्रॉबेरीही पिकते. ती हिवाळ्यातली. त्या दिवसांत गेलात तर शेतकऱ्याकडूनच घ्यावी. जवळचे आमझरी हे मधाचे गाव म्हणून ओळखले जाते. तेथे मध मिळतो. कॉफीची झाडेही चिखलदऱ्याला आहेत, महाराष्ट्रात ती अपूर्वाई आहे. पण टपरीवर मिळणारी प्रत्येक कॉफी याच मातीतली असेल असे नाही. विचारून घ्यावे, विचारायला पैसे पडत नाहीत.

झुणका-भाकर, भरीत आणि भुट्टा

पॉइंटांच्या वाटेवर पावसाळ्यात चुली पेटलेल्या दिसतात. कोणी बाई मक्याचे कणीस भाजत असते, कोणी भाकरी थापत असते. आमचे सांगणे असे की, पाट्या लावलेल्या मोठ्या हॉटेलाआधी या चुलीकडे बघावे. डोळ्यांसमोर थापलेली गरम भाकर, पिठले नाहीतर झुणका, हिरव्या मिरचीचा ठेचा, हंगाम असेल तर वांग्याचे भरीत. यात शिळे काही खपवता येत नाही. ज्यांना मांसाहार हवा त्यांनी सकाळीच गावरान कोंबडीचे सांगून ठेवावे आणि फिरून दुपारी जेवायला यावे. आयत्या वेळी मागितली तर गावरानच्या नावाखाली दुसरीच ताटात येते.

भाव आधी विचारावा, माणशी की ताटाचा ते विचारावे, भाकरी किती ते विचारावे. भाव ठरल्यावर मात्र जेवून झाल्यावर घासाघीस करू नये. शनिवार-रविवारी गर्दी फार होते, तेव्हा बाराच्या आत जेवून घ्यावे. सेमाडोह-कोलकासकडे वनखात्याच्या निवासात मुक्काम असेल तर जेवणाचे आधीच सांगून ठेवावे, कारण जंगलात आयत्या वेळी काही मिळत नाही.

आणि कोरकूंचे खाणे?

येथपर्यंत जे सांगितले ते वऱ्हाडातले आणि गवळ्यांचे. पण मेळघाट हा मुळात कोरकूंचा मुलूख आहे. त्यांचे खाणे कोणत्याही हॉटेलाच्या फळ्यावर लिहिलेले नसते. कुटकीचा भात, कोदोचा भात, सावा, मक्याची भाकर, तुरीचे वरण, पावसाळ्यात उगवणाऱ्या तरोट्यासारख्या रानभाज्या, वाळवलेली मोहफुले. हे खायचे असेल तर चौकशी करावी लागते. कधी बचत गटाच्या बायका स्टॉल लावतात, कधी एखाद्या पाड्यावर आदल्या दिवशी निरोप दिला तर घरी जेवण करून देतात. गाडीवाला कोरकू असेल तर त्यालाच विचारावे. आठवडी बाजाराचा दिवस साधला तर कोदो-कुटकी किलोवर विकतही मिळते.

अशाच एका सहलीत आम्ही होतो. पाड्यावरच्या एका घरी निरोप देऊन पंधरा जणांचे जेवण ठरवले होते. अंगण शेणाने सारवलेले, पानांवर गरम कुटकीचा भात, वरण आणि तोंडाला पाणी सुटेल अशी लाल मिरचीची चटणी. आमच्यातल्या एक ताई बाजूला उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "यांच्या हातचं कसं खायचं? आपली शिदोरी आहे ना गाडीत." त्यांच्या शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या. त्यांनी आवाज न चढवता विचारले, "काहून वो पोरी? आपल्या हातचं कोनी खात नोतं तवा आपल्याले कसं लागे? बस खाली." ताई बसल्या. जेवल्या. पुढे कोणी काही बोलले नाही, पण घाट उतरेपर्यंत आमच्या डोक्यात आजींचा तो प्रश्न घोळत होता.

वाचकहो, हा लेख आम्ही खरे तर त्या प्रश्नासाठी लिहिला आहे. आपल्या आई-वडिलांच्या पिढीने गावच्या हॉटेलाबाहेर उभे राहून वेगळ्या कपबशीत चहा घेतला, ती स्वतः धुऊन खिळ्याला टांगली. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले. ते केवळ तहान लागली म्हणून नव्हे, तर आपणही माणसे आहोत हे सांगण्यासाठी. पुढे संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांत कोणालाही जात-धर्मावरून अडवता येणार नाही असे लिहिले गेले. आज आपण चिखलदऱ्याच्या कोणत्याही हॉटेलात खुर्ची ओढून बसतो, ती खुर्ची फुकट मिळालेली नाही. अशा आपणच दुसऱ्याच्या चुलीकडे बघून नाक मुरडावे, हे शोभत नाही. ज्याला ताटाबाहेर बसवल्याचे दुःख कळते, त्याने दुसऱ्याला ताटाबाहेर बसवू नये.

दुसरी गोष्ट. १९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी सारा महाराष्ट्र हादरला होता. त्यानंतर समित्या झाल्या, योजना आल्या, कार्यकर्त्यांनी आणि डॉक्टरांनी तेथे राहून काम केले, पण कुपोषण हा शब्द मेळघाटाच्या नावापासून आजही सुटलेला नाही. रोजगार नाही म्हणून तेथली कुटुंबे कामासाठी खाली उतरतात. आपल्या अमरावती-अकोल्यात बांधकामावर, वीटभट्टीवर जी माणसे दिसतात त्यांत मेळघाटची पुष्कळ असतात. ज्या डोंगरात आपण चवीसाठी जातो, तेथे पोटासाठी गाव सोडावे लागते, हे जेवताना आठवणीत असू द्यावे. आठवण ठेवली म्हणून घास कडू होत नाही. पैसा कोणाच्या हाती द्यायचा, एवढे मात्र ठरते.

साधा हिशेब मांडू. समजा, एका बसमध्ये चाळीस माणसे आहेत आणि प्रत्येकाने दोनशे रुपये खाण्यावर खर्च केले. आठ हजार रुपये झाले. ते सगळे पाकिटबंद वेफर्स, थंड पेये आणि बाहेरच्या मालकाच्या हॉटेलात गेले, तर त्यातले फार थोडे मेळघाटात राहतात. त्यातले निम्मे जरी भाकरी थापणाऱ्या बाईकडे, गवळ्याच्या रबडीकडे आणि कुटकी विकणाऱ्या घराकडे गेले, तर चार हजार रुपये त्या दिवशी त्याच डोंगरात थांबतात. पावसाळ्यात अशा किती बसगाड्या चढतात ते तुम्हीच मोजा. यात उपकार कोणावरही नाही. जेवलो, दाम दिले. म्हणून फोटोसाठी मुलांच्या हातात बिस्किटाचा पुडा कोंबण्यापेक्षा त्यांच्या आईकडून जेवण विकत घेणे केव्हाही बरे. त्यात दोघांचाही मान राहतो.

कुटकी घरी आणली तर

पुष्कळ बायका हौसेने कुटकी आणतात आणि डब्यात पडून राहते. करायला कठीण काही नाही. एक वाटी कुटकी निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन थोडा वेळ भिजत ठेवावी. दोन ते अडीच वाट्या पाणी उकळून त्यात मीठ घालावे, कुटकी टाकून मंद आचेवर झाकण ठेवून शिजवावी. पाणी आटले की गॅस बंद करून पाच-दहा मिनिटे वाफेवर ठेवावी. तुरीच्या वरणाबरोबर छान लागते. तांदळापेक्षा या धान्यात चोथा जास्त असतो, पोट बराच वेळ भरलेले राहते. कोदो-कुटकीला आपण गरिबाचे धान्य म्हणून हिणवले. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा तीच धान्ये शहरातल्या दुकानांत चकचकीत पाकिटांत महाग होऊन बसली. पिकवणाऱ्याकडून थेट घेतली तर आपल्यालाही स्वस्त आणि त्यालाही दोन पैसे जास्त.

शेवटी दोन-तीन गोष्टी सांगून थांबतो. जेवणानंतर पत्रावळी, बाटल्या, पिशव्या दरीत भिरकावू नयेत, गाडीतून खाली आणाव्यात. माकडांना खायला घालू नये, ती मग लहान मुलांच्या हातचे ओढतात. जंगलातून रानभाजी, बांबूचे कोंब स्वतः तोडू नयेत, तो व्याघ्र प्रकल्पाचा मुलूख आहे. आणि पाड्यावर जेवायला बसलात तर पंगतीत त्या घरच्या माणसांनाही सोबत बसायला सांगा. पुढच्या सहलीची वर्गणी काढताना मंडळांनी वहीत एक ओळ वेगळी लिहून ठेवावी : एक जेवण तेथल्या चुलीवरचे.