फाईल आहे, पण सापडत नाही!

सबमिशनचे दिवस आले की लॅबमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "अरे, काल माझ्या मशीनवर चालत होतं!" जावाचा वेब प्रोजेक्ट, डेटाबेस जोडलेला, लॉगिनही होतंय, आणि पुढचं पान उघडताना एरर: टेम्प्लेट सापडत नाही. मग कुणाचा तरी पेनड्राईव्ह येतो, फाईल पुन्हा कॉपी होते आणि एरर जिथल्या तिथे!

माझं स्पष्ट मत आहे की अशा वेळी फाईल शोधत बसू नये. प्रोग्राम ती कुठे शोधतोय, हे आधी बघावं.

शहापूर-मुरबाडच्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. तानसा आणि भातसा धरणं शहापूर तालुक्यातली. तानसा तर १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतंय. तरी उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकर येतो. पाणी आहे, पण पाइपलाइन आपल्या दारात येत नाही. टेम्प्लेटचंही तसंच.

स्प्रिंग बूट आणि थायमलीफ घेतलं, तर पानं रिसोर्सेसमधल्या टेम्प्लेट्स फोल्डरमध्ये शोधली जातात. ती जावाच्या कोडशेजारी ठेवलीत, तर मेवन बिल्डच्या वेळी उचलतच नाही. दुसरं कारण स्पेलिंगचं. नावातलं अक्षर कॅपिटल की स्मॉल, याचं विंडोजला सहसा काही वाटत नाही. लिनक्सवर आणि जार फाईलच्या आत मात्र तेवढ्यावरून अडतं. तिसरी गंमत म्हणजे कंट्रोलरमध्ये पानाच्या नावाआधी दिलेला स्लॅश. त्याने पाथमध्ये दोन स्लॅश होतात. आयडीईमधून ते खपून जातं, जारमधून नाही.

म्हणून एररचं लांबलचक भेंडोळं बघून घाबरू नका. 'कॉज्ड बाय'च्या ओळी वाचा. कुठलं पान हवं होतं ते तिथे बहुधा लिहिलेलं असतं. मग 'जार टीएफ' ही कमांड देऊन आतली यादी काढा आणि नाव अक्षर न अक्षर जुळवा. याला नेटसुद्धा लागत नाही.

कुणी म्हणेल, एवढा वेळ कुणाकडे आहे? मुरबाडच्या पोराला संध्याकाळची एसटी गाठायची असते, शहापूरच्याला आसनगावहून लोकल. कबूल! पण म्हणून रेडीमेड प्रोजेक्ट विकत आणला, तर व्हायव्हात एक फोल्डर हलला तरी बोबडी वळते. नोकरीत तर रोज दुसऱ्याचाच कोड समोर येणार, तेव्हा काय करणार?

माझी सूचना साधी आहे. प्रोजेक्टचे काही मार्क दुसऱ्या मशीनवर, नव्याने बिल्ड करून चालवून दाखवण्याला असावेत. तो नियम होईल तेव्हा होईल. आपण यंदा सबमिशनच्या आठवडाभर आधी जार बनवूया आणि मित्राच्या मशीनवर चालवून बघूया. बघा, पटतंय का!