पथ्य ताटातले आणि पुडीतले

फराळाचा वास घराघरात दरवळत असताना पथ्याच्या गोष्टी कोणाला रुचणार? पण ज्या घरात मल्टिपल स्क्लेरॉसिसचे दुखणे आहे, तिथल्या गृहिणीपुढे हा प्रश्न रोजचाच. म्हणून यंदा त्याविषयी चार शब्द.

या विकारात शरीराची संरक्षक सेनाच मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंवरचे आवरण कुरतडते. विजेच्या तारेवरचे रबर निघावे, तसेच हे. कधी नजर अंधुक होते, कधी पाय जड पडतात. मग ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ पुड्या शेजारीपाजारी सुचवतात. पण सेनाच उलटली असताना तिला विचारल्यावाचून दारूगोळा पुरवण्यात कसले शहाणपण?

आता शास्त्र काय म्हणते ते पाहा. डॉ. रॉय स्वँक यांनी माँट्रियलमध्ये तूप-लोण्याला कात्री लावणारा आहार सुरू केला आणि १९९० साली ३४ वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. पथ्य पाळणारे बरे राहिले, असे त्यांचे म्हणणे. पण चिठ्ठ्या टाकून निवडलेला तुलनेचा गट नसल्याने तो पुरावा लंगडाच ठरतो. बायोटिनच्या मोठ्या मात्रेचा पुष्कळ गाजावाजा झाला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तिचा उपयोग दिसला नाही. उलट तिच्यामुळे थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडे चुकू शकतात.

ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते जरूर भरून काढावे. मात्र ६०,००० एककांची पुडी बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेत राहिल्यास रक्तात कॅल्शियम वाढून ओकाऱ्या होतात, मूत्रपिंडाला इजा पोचते. शाकाहारी मंडळींनी बी-१२ही तपासून घ्यावे. त्याच्या उणिवेनेही हातापायांना मुंग्या येतात.

मग ताटात काय वाढावे? बारामती-इंदापूरकडच्या घरांना दूर जायला नको. शाळूची भाकरी, पालेभाजी, मोड आलेली मटकी, जवसाची चटणी, इंदापूरकडची डाळिंबे, आणि खाणाऱ्यांसाठी भिगवणच्या बाजारातले उजनीचे मासे. या दुखण्यात बद्धकोष्ठ फार छळते. त्यावर हा चोथा कामी येतो. मुलूख उसाचा असला तरी साखर-गुळाला हात आखडता असावा. वजन वाढले की जड पाय आणखी जड होतात. लघवीची घाई होते म्हणून पाणी तोडू नये. चैत्र-वैशाखाच्या उन्हात लक्षणे उसळतात. तेव्हा गार ताक द्यावे, दुपारी घरात राहावे. गिळताना ठसका लागत असेल तर भाकरी कुस्करून द्यावी आणि डॉक्टरांच्या कानावर घालावे.

सर्वांत घातक गोष्ट एकच: पथ्याने बरे वाटले म्हणून गोळी वा इंजेक्शन परस्पर बंद करणे. हे दुखणे काही काळ आपोआप ओसरते. श्रेय मात्र पुडी घेऊन जाते. पुढचा झटका न विचारता येतो आणि कधी कधी गेलेले बळ परत देत नाही. पुड्यांवर उधळायचा पैसा औषधासाठी व व्यायाम शिकवणाऱ्यासाठी राखावा. २०१६ च्या अपंगत्वविषयक कायद्यात या विकाराचा समावेश आहे, हेही ध्यानात असू द्या.

दिवाळीला रुग्णाच्या पानात एखादी करंजी हौसेने वाढा. औषधाची वेळ मात्र टळू देऊ नका.