क्रिस्पर पेटंटचा वाद: कल्पना आधी कुणाला सुचली, हे सिद्ध कसं करतात?

जनुकांमध्ये नेमका बदल करणाऱ्या क्रिस्पर-कॅस९ तंत्रासाठी इमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण माणूस, प्राणी आणि वनस्पतींच्या पेशींत हे तंत्र वापरण्याचे अमेरिकेतले महत्त्वाचे पेटंट ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या फेंग झांग यांच्या गटाकडे गेले. असं कसं झालं?

अर्ज आधी की कल्पना आधी?

भारतात साधारणपणे आधी अर्ज करणाऱ्याला प्राधान्य मिळतं. अमेरिकेतही १६ मार्च २०१३ पासून तसाच नियम आहे. पण हे अर्ज २०१२ चे. डाउडना-शार्पेंटिए गटाचा मे महिन्यातला, ब्रॉडचा डिसेंबरमधला. त्यामुळे त्यांना जुना कायदा लागू झाला: शोध आधी कुणी लावला, ते पाहायचं.

पुरावा काय लागतो?

'मला आधी सुचलं होतं' असं संशोधकाने स्वतः सांगून भागत नाही. प्रयोगशाळेची तारीखवार वही, ईमेल, सहकाऱ्यांची साक्ष असा स्वतंत्र आधार लागतो. डाउडना गटाने १ मार्च २०१२ ची वहीतली नोंद पुढे केली. ब्रॉडने ऑक्टोबर २०१२ पर्यंत मानवी पेशींत प्रयोग यशस्वी केल्याचं दाखवलं.

मग अडलं कुठे?

सुचलेली कल्पना पक्की आणि पूर्ण असावी लागते. म्हणजे त्या क्षेत्रातल्या जाणकाराला नवं संशोधन न करता ती प्रत्यक्षात आणता यायला हवी. डाउडना गटाचे सुरुवातीचे काही प्रयोग फसले होते, संशोधकांनाही खात्री नव्हती. हे पाहून पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रॉडच्या बाजूने निकाल दिला.

मे २०२५ मध्ये अपील न्यायालयाने मंडळाची चूक दाखवली. कल्पना चालेलच, हे संशोधकाला आधीच माहीत असण्याची अट कायद्यात नाही. शंका असणं वेगळं आणि कल्पना अर्धवट असणं वेगळं. त्यामुळे हा मुद्दा फेरविचारासाठी मंडळाकडे परत गेला.

आपल्याला याचं काय?

सिकलसेलवरच्या क्रिस्पर उपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. विदर्भातल्या अनेक घरांना हा आजार माहीत आहे. अशा उपचारांसाठी परवाना कुणाकडून घ्यायचा आणि पैसे कुणाला द्यायचे, हे पेटंट कुणाकडे यावरच ठरतं. आणि तेच ठरवताना एका वहीतलं पान महत्त्वाचं ठरतंय.