दाराशी चार्जिंग नको

विजेवरची चेतक २०२० मध्ये बाजारात आली. आता आपल्या मोहल्ल्यातही अशा गाड्या दिसतात. धूर नाही, पेट्रोलचा खर्च नाही. पण मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला दुसऱ्या एका कंपनीची उभी स्कूटर पेटली होती, हे विसरू नका. लिथियम बॅटरी बिघडून तापली की आतले द्रव पेट घेते. विझलेली आग पुन्हा भडकते. म्हणून घरचे झोपलेले असताना दाराशी चार्जिंग लावू नका. पळायची वाट तीच असते! फुगलेली बॅटरी तर वापरूच नका. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. फोडताना ती पेटते, माती-पाणी नासते. विक्रेत्याकडे परत करा. २०२२ च्या नियमांनुसार तिच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकाची आहे.