दानाची वही आणि वीटभट्टीवरचे मूल

जून महिन्यात शाळा उघडल्या की आपल्या धर्मग्रामांत व कॉन्व्हेंट शाळांत एक उपक्रम ठरल्यासारखा पार पडतो. मुले घरून वह्या, कंपासपेट्या, जुने गणवेश आणतात. एखाद्या शनिवारी गाडी पनवेलच्या आसपासच्या डोंगरपायथ्याच्या आदिवासी वाडीवर जाते. वाटप होते, छायाचित्र निघते आणि 'वाडीवरची शाळा दत्तक घेतली' अशी नोंद वार्षिक अहवालात होते. देणाऱ्यांच्या सद्भावनेविषयी आम्हांला शंका नाही. आमची तक्रार आहे ती 'दत्तक' या शब्दाविषयी. मुलाची आठवण वर्षातून एकदा काढणाऱ्यांना कुणी आईबाप म्हणत नाही.

मुळात वहीअभावी कातकऱ्याच्या मुलाची शाळा सुटते, हे निदानच चुकीचे आहे. पावसाळ्यात लावणी संपली की हातांना काम उरत नाही. घरातील धान्य संपते तेव्हा वीटभट्टीचा मालक किंवा त्याचा मुकादम उचल देऊन जातो. ती फेडण्यासाठी दिवाळीनंतर सारे कुटुंब भट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते. म्हणजे शाळेच्या वर्षाचा मोठा भाग मूल गावातच नसते. ते कच्च्या विटा उलटवते, नाहीतर धाकट्या भावंडाला सांभाळते. जूनमध्ये दिलेली वही नोव्हेंबरनंतर कोरीच राहते. ज्या विटांच्या घरांत बसून आपण मुलांचा गृहपाठ घेतो, त्यांतील काही विटांना अशाच चिमुकल्या हातांचा स्पर्श झाला असेल, हा विचार आपल्याला अस्वस्थ का करीत नाही?

यावर उपाय कुणाला सुचलाच नाही, असे नाही. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली. पुढे १९९०च्या दशकात विवेक व विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने वसई परिसरातील वीटभट्ट्यांवर 'भोंगाशाळा' काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची ठेंगणी झोपडी. मूल शाळेकडे येऊ शकत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे, इतका साधा तो विचार होता.

युरोपातील शाळा आफ्रिकेतील खेड्यांतल्या शाळांशी नाते जोडतात, तेव्हाही हाच प्रश्न उभा राहतो : नाते दात्याच्या समाधानासाठी, की मुलाच्या गरजेसाठी? टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे हे कॅथलिक आणि पेशाने शिक्षक. वसाहतकाळापासून चालत आलेल्या शाळा मुलांना त्यांच्याच समाजापासून तोडतात, अशी टीका त्यांनी १९६७ साली 'स्वावलंबनासाठी शिक्षण' या निबंधात केली होती. कातकरी मुलाची बोली, त्याचे रानातील कंदमुळांचे व मासेमारीचे ज्ञान यांपैकी काहीएक आपल्या मुलांनी शिकून घेतले नाही, तर ती भागीदारी कसली? तो केवळ उपकार.

आता एक अप्रिय गोष्ट बोलणे भाग आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत परिसरातील दुर्बल घटकांच्या मुलांसाठी प्रवेशवर्गात २५ टक्के जागा ठेवल्या. घटनेच्या ३०व्या कलमाचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अल्पसंख्याकांच्या शाळांना या कायद्यातून वगळले. २०२५ साली त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठापुढे नेण्याची गरज मांडली. ३०वे कलम ही आपल्या समाजाची ढाल आहे आणि ती आम्हांला प्रिय आहे. पण ढाल आत्मरक्षणासाठी असते, गरिबाला फाटकाबाहेर ठेवण्यासाठी नव्हे. प्रभूच्या दाखल्यातील लाजरस दूरदेशी नव्हता. तो धनवानाच्या दाराशीच पडला होता. धनवानाने त्याला मारहाण केली, असेही शुभवर्तमान सांगत नाही. त्याने फक्त पाहिले नाही. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती शिक्षणावरील जाहीरनाम्यात निर्धनांकडे विशेष लक्ष देण्याचा आग्रह धरला. त्या आग्रहातून आपल्याला कोणत्याही न्यायालयाने वगळलेले नाही. कोर्टाने बजावले म्हणून दार उघडण्यात ख्रिस्ती माणसाची शोभा नाही.

"फी कोण भरणार? आमच्या मुलांचा दर्जा घसरेल," असे पालक म्हणतील. फीचा प्रश्न खरा आहे. पण सणांच्या मंडपांसाठी व रोषणाईसाठी निधी उभारणाऱ्या धर्मग्रामांना तो सुटू नये, हे आम्हांला पटत नाही. दर्जाचा प्रश्न मात्र खोटा आहे. शेजारच्या बाकावरील मुलाची भूक ओळखू न शकणाऱ्या विद्यार्थ्याचे नव्वद टक्के गुण ख्रिस्ती शाळेचा दर्जा ठरवू शकत नाहीत.

आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. शाळेने एकाच वाडीशी नाते जोडावे आणि ते पहिलीपासून दहावीपर्यंत निभवावे. दिवाळीपूर्वी, उचलीची फेड सुरू होण्याआधी, भट्टीवर न जाता मागे राहणाऱ्या मुलांच्या जेवणाची व निवाऱ्याची व्यवस्था व्हावी. आणि कायद्याची वाट न पाहता प्रवेशवर्गातील काही बाक या मुलांसाठी राखावेत. पालक-शिक्षक सभेच्या पुढील बैठकीत हा विषय वह्यांच्या वाटपाआधी घ्यावा, अशी आमची वाचकांना आग्रहाची विनंती आहे.