शुद्ध प्रथिन, निर्दोष निदान

क्षयाचा संशय आला की माँटू चाचणी सांगण्याची आपणा डॉक्टरांची रीत आहे. १९०८ सालापासून चालत आलेली ही चाचणी स्वस्त आणि सोयीची खरी. परंतु तिच्यातील ट्युबर्क्युलिन म्हणजे क्षयजंतूंच्या संवर्धनातून काढलेले अनेक प्रथिनांचे मिश्रण होय. त्यांपैकी कित्येक प्रथिने बीसीजी लसीच्या जंतूंतही असतात. त्यामुळे लस घेतलेल्या निरोगी बालकाच्या हातावरही सूज उठू शकते आणि विनाकारण औषधे त्याच्या वाट्यास येऊ शकतात.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ज्या 'सायटीबी' चाचणीस २०२२ साली भारतात मान्यता मिळाली, तिच्यात ईसॅट-६ व सीएफपी-१० ही दोनच प्रथिने आहेत. बीसीजीच्या जंतूंत ती नसतात. अशी प्रथिने जनुकतंत्राने जिवाणूंकडून घडवून घेता येतात. मात्र जिवाणू फोडला की हजारो प्रथिनांचा काला हाती येतो. त्यातून नेमके एक वेचणे, हाच खरा नीरक्षीरविवेक!

संशोधनशाळांत यासाठी चुंबकीय मणी वापरतात. हव्या त्या प्रथिनाला आधीच सहा हिस्टिडिनांचे शेपूट जोडलेले असते. सूक्ष्म मण्यांवरील निकेलला ते चिकटते. नळीजवळ चुंबक धरताच मणी एका कडेस जमतात, उरलेला काला ओतून देता येतो आणि धुतलेल्या मण्यांवरून इमिडॅझोलच्या द्रावणाने प्रथिन सोडवून घेतात. मणी महाग असल्याने मोठ्या उत्पादनासाठी बहुधा स्तंभपद्धतीच वापरतात. शिकण्यासाठी मात्र हा प्रयोग फार सुटसुटीत आहे. आपल्या उज्जैनच्या आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थांत तो प्रत्येक विद्यार्थ्यास प्रत्यक्ष करावयास मिळावा, असे मला मनापासून वाटते.

अर्थात, केवळ शुद्धतेने निदान अचूक ठरत नाही. क्षयासाठीच्या रक्तातील प्रतिपिंड-चाचण्या भरवशाच्या नसल्याने सरकारने २०१२ साली त्यांवर बंदी घातली, हे विसरता कामा नये. म्हणून नवी चाचणी विकावयास येणाऱ्यास आपण किंमत विचारण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : यात प्रथिन कोणते? ते कितपत शुद्ध? आणि कोणत्या रुग्णांवर ते पारखले? समाजबांधवांनीही अहवाल हाती येताच घाबरून न जाता डॉक्टरांना हेच निःसंकोच विचारावे. अशा प्रश्नाने डॉक्टरांचा अवमान होत नाही. उलट रुग्णाचे हितच साधते.